पणजोबांचं बर्फ

वेंगुर्ल्याच्या आमच्या घरात माजघराच्या भिंतीवर एक बर्फाचं चित्र होतं. लाल कमान, मागे डोंगर, छत्री घेतलेली एक बाई. पणजोबा बोटीवर होते, त्यांनी कोबे बंदरातून आणलेलं. लहानपणी आम्हाला बर्फ म्हणजे काय ते त्या चित्रावरूनच ठाऊक. घर दुरुस्तीला काढलं तेव्हा ते खाली उतरवलं आणि विकायचा विषय निघाला. आई म्हणाली, "ह्या कागदाक कोण पैसे देतलो? कॅलेंडर असतला ता."

कॅलेंडर नव्हतं. भिंगातून पाहिलं तर छपाईचे ठिपके दिसेनात. मग वाटलं, लाकडी ठशांचं जपानी चित्र असेल. पण ठशाच्या चित्रात कागदाच्या पाठीवर घासल्याच्या खुणा राहतात, तशा इथे नव्हत्या. उलट रंगाच्या कडेला पाणी सुकल्याची गडद रेघ होती, धुक्याखाली पेन्सिल दिसत होती, आणि बर्फ म्हणजे चक्क न रंगवलेला कोरा कागद! इतकी वर्षं आम्ही पांढरा रंग समजत होतो.

कोपऱ्यातली सही मोबाइलच्या ॲपने दर वेळी वेगळी वाचली, आणि लाल शिक्का तर वाचलाच नाही. शिक्क्याची लिपी जुन्या वळणाची असते. शेवटी पुण्यात जपानी शिकवणाऱ्या एका बाईंना फोटो पाठवला. त्यांनी नाव वाचलं, शेजारी 'ताइशो ९' आहे म्हणाल्या. म्हणजे जपानी कालगणनेतलं वर्ष, आपलं १९२०. त्या नावाचा चित्रकार मात्र कुठल्याच यादीत सापडेना. त्याआधी काही वर्षं जपानात जलरंगाचं वेडच होतं. ओशिता तोजिरो या चित्रकाराने १९०५ मध्ये 'मिझुए' हे मासिक त्याच नादात काढलं. शिवाय बंदरांतल्या दुकानांतून परदेशी लोकांसाठी अशी दृश्यं विकली जायची. आमचं त्यातलंच असणार. लाखांची स्वप्नं तिथेच विरली. मोठ्या चुलतभावाला अजून पटलेलं नाही, तो भाग वेगळा.

खरं काम चौकटीचं निघालं. काच थेट कागदाला टेकलेली, मागे हार्डबोर्ड. कोकणातल्या इतक्या पावसाळ्यांनी दोन्हींच्या मधे बुरशी वाढवलेली, आणि वरचा कोपरा काचेलाच चिकटलेला. मी सुरीने सोडवणार होतो. नशीब, नाही सोडवला. काचेसकट गुंडाळून तुतारी एक्स्प्रेसने मुंबईला एका कागद-संवर्धकाकडे नेलं. त्यांनी कोपरा सोडवला, बुरशी काढली, पण तपकिरी डाग पूर्ण घालवायला नकार दिला. "डागांबरोबर रंगही जाईल," म्हणाले. चौदा हजार झाले.

सागवानी चौकट सावंतवाडीच्या चितारआळीतल्या एका कारागिराकडून केली. आम्लरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, मुंबईहून आणला, काच आणि कागद यांत फट ठेवली. कारागिराने चित्र फेविकॉलने डकवायची तयारी केलेली. त्यांना थांबवून वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावल्या. "पडलां तर माका सांगू नको," म्हणाले.

विक्री रखडली. एका लिलाववाल्यांनी चित्रकार नावाजलेला नाही म्हणून परत पाठवलं. मग परदेशातून एक गिऱ्हाईक आलं, भाव चांगला देत होतं. तेव्हा कुठे कळलं की १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं चित्र ही पुरावस्तू, खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. मग ती जपानची का असेना. सगळ्या वारसांच्या सह्या आणि नोंदणीचे कागद यांत अडीच महिने गेले. वकिलांनी आणखी एक सांगितलं: चित्र घरगुती सामानात धरत नाहीत, त्यावर भांडवली नफ्याचा कर बसतो. म्हणून पावत्या जपा.

अखेर पुण्याच्या एका संग्राहकांनी पाहिलं. अडतीस हजार ठरत आले. मग त्यांनी विचारलं, "जुनी चौकट कुठे आहे? मागे काही लिहिलेलं?"

होतं. हार्डबोर्डवर मूळ पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवलेला, त्यावर पणजोबांच्या हातचं मोडीतलं दोन ओळींचं काहीतरी, बोटीचं नाव आणि तारीख असावी. चित्र कुठून आलं याचा तेवढाच पुरावा होता. मुंबईहून परतल्यावर मी तो हार्डबोर्ड बंबात घातला होता.

बत्तीस हजारांना गेलं.