वजनाची सुई आधी कुणाला मिळावी?

भूक आणि शुगर आटोक्यात ठेवून वजन उतरवणारी आठवड्याची सुई आलीय, ती आधी कुणाला मिळावी हे मला सांगायचंय. जळगाव जिल्ह्यात अमळनेर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) आहे. गावात सगळे सिस्टरच म्हणतात. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका तपासायची प्रश्नावली, भरायचा, बीपी-शुगर बघायची, कमरेचा घेर मोजायचा, हे आशाताईंच्या सोबतीनं चालणारं रोजचं काम. बायकांचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत हवा, पुरुषांचा ९०च्या. टेप हातात घेतली की बायका आधी पोट आत ओढतात. "आक्का, श्वास सोडा," म्हणावं लागतं. मग परकराची नाडी जरा खाली सरकवायची, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची. मनगटं काटकुळी, पिंढऱ्या सुकलेल्या, हंगामभर कापूस वेचणारी बाई, आणि टेप सांगते ९२. वजनकाट्यावर उभी केली तर लठ्ठ म्हणावी असा आकडा येत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे कोडं वर्षानुवर्षं मांडत आलेत. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडची बाळं जन्मतःच वजनानं कमी असतात, पण त्यांच्या अंगात चरबीचा वाटा जास्त असतो, हेही त्यांच्याच अभ्यासातून पुढे आलं. म्हणून नंदुरबारकडच्या अक्कलकुवा-धडगावची कमी वजनाची बाळं आणि अमळनेर-चोपड्याची मधुमेही माणसं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असं मला वाटत नाही. गरोदरपणी उपाशी राहिलेल्या आयांची लेकरंच पुढे माझ्याकडे शुगर तपासायला येतात.

परवा अशीच एक आक्का आली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या चालू, बीपीची गोळी चालू, गुडघे धरलेले. सुरतला असलेल्या भाच्यानं फोनवर सांगितलं होतं म्हणून विचारत होती, "सिस्टर, ती वजननी सुई आम्हले बी भेटी का?"

हा प्रश्न मला फार योग्य वाटतो. या सुईतली सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड ही काही हवेतली औषधं नाहीत. जेवल्यावर आतड्यातून जो संप्रेरक सुटतो, त्याचंच काम ती जास्त काळ करतात. पोट सावकाश रिकामं होतं, मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो, इन्सुलिन वेळेवर सुटतं. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली टोचायचं. २०२१च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइडनं सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं. त्याहून मला महत्त्वाच्या वाटतात त्या पुढच्या दोन चाचण्या. २०२३ मध्ये, हृदयविकार असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या लोकांत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. २०२४ मध्ये, मूत्रपिंड बिघडलेल्या मधुमेहींना फायदा दिसला. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा जळगावची एसटी पकडणारं घर ज्यानं बघितलंय, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि ही सुई सध्या जाते कुठे? लग्नाच्या आधी चार महिने, फोटोत बारीक दिसायला. चिठ्ठीशिवाय, कुणाच्या तरी ओळखीनं. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड भारतात आलं तेव्हा एका आठवड्याचा सर्वात लहान डोस ३,५०० रुपयांना होता. शेतमजूर बाईनं तो आकडा नुसता ऐकायचा. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत भारतात मार्च २०२६ मध्ये संपली, देशी कंपन्यांची वाट मोकळी झाली. स्वस्ताई हवीच आहे. पण बाजारावर सोडलं तर स्वस्त सुईसुद्धा आधी लग्नघरातच पोहोचेल. जागतिक आरोग्य संघटनेनं सप्टेंबर २०२५ मध्ये ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली ती कुणासाठी? मधुमेहासोबत हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आणि लठ्ठपणा असलेल्यांसाठी. तोच क्रम आपल्याकडे हवा.

आमच्या आक्कांसाठी मात्र डोळ्यांत तेल घालून द्यावं लागेल. २०२१च्या त्या मोठ्या चाचणीतली माणसं बहुतेक बीएमआय ३०च्या पुढची होती. इथल्या बायकांच्या अंगावर मुळातच मांस कमी. वजन उतरताना स्नायूही उतरतात, आणि सुईनं भूक मेलेली बाई कळण्याची भाकरी नि मिरचीचा ठेचा खाऊन उठली तर तिला निंदणी-वेचणीची ताकद कुठून येणार? डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध यांचं बोलल्याशिवाय सुई टोचूच नये. सोबत ग्लिमेपिराइड चालू असेल तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, उपासाच्या दिवशी तर जास्तच, म्हणून त्या गोळीचा डोस डॉक्टरांनी कमी करावा लागतो. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ होतं. क्वचित पित्ताशयात खडे, स्वादुपिंडाला सूज. आणि औषध बंद केलं की वर्षभरात उतरलेल्या वजनातलं बरंचसं परत येतं, म्हणजे हे बीपीच्या गोळीसारखं लांबचं काम आहे.

शिवाय आपला उन्हाळा. सुईचं न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि भुसावळ-जळगाव मे महिन्यात ४५ला टेकतं. लाइट गेली की घरच्या फ्रिजचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लसींसाठी आपल्याकडे लाइट गेली तरी थंड राहणारे आइसलाइन्ड रेफ्रिजरेटर आणि रोज तापमान लिहून ठेवायची शिस्त आहेच. तशीच सोय करून आठवड्याची सुई केंद्रावरच टोचली, तर पेन घरी न्यायची गरजच उरत नाही.

त्या आक्कांना मी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), ईसीजी आणि डोळ्यांच्या तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवलंय. सुई त्यांना लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. पुढच्या मासिक सभेला मी आमच्या गावातल्या मधुमेहींची यादी घेऊन जाणार आहे. ज्यांचं हृदय किंवा मूत्रपिंड आधीच दुखावलंय त्यांची नावं वर असतील, आणि हे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळावं अशी लेखी मागणी सोबत जोडणार आहे. इतर उपकेंद्रांवरच्या सीएचओंनीही आपापली यादी आणावी. तिशीपुढच्यांच्या नोंदी आपल्याकडे आहेतच, फक्त वेगळ्या काढायच्यात.