आमची वाटचाल : शाळेच्या कपाटातून अकादमीच्या बॅगेत

वडिलांनी १९८६ साली परळला दोन शिलाई मशीन टाकली, तेव्हा आमचं गिऱ्हाईक म्हणजे शाळेतले पीटीचे सर. हॅरिस आणि गाइल्स शील्ड या मुंबईतल्या शालेय क्रिकेट स्पर्धांचे सामने तोंडावर आले की सर यायचे, कोटेशन न्यायचे आणि मुख्याध्यापकांची सही झाली की पांढऱ्या कपड्यांचा एक संच शिवायला टाकायचे. संच शाळेचा. सामने संपले की धुऊन कपाटात, पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलांच्या अंगावर. म्हणून वडील पँटच्या पायाला चांगली चार बोटं दुमड ठेवायचे, कमरेला शिवणीत माया सोडायचे. ज्याच्या घरी बूट घ्यायची मारामार, तोही शाळेच्या कपड्यात मैदानात उतरायचा.

१९८८ साली शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर-विनोद कांबळीने आझाद मैदानात नाबाद ६६४ धावांची भागीदारी रचली. सचिन शारदाश्रमात आला तोच मुळी त्याचे क्रिकेट प्रशिक्षक आचरेकर सरांच्या सांगण्यावरून. म्हणजे नेटमधल्या सरांनी शाळा सुचवायची, ही रीत मुंबईला नवी नाही. पण तेव्हा मुलाची ओळख शाळेच्या नावानेच व्हायची. आता पोरगं आधी अकादमीचं, मग शाळेचं.

हे आम्हाला ऑर्डरींवरून कळत गेलं. शाळेचा चेक कधीकधी पुढचं शैक्षणिक वर्ष उजाडल्यावर यायचा. अकादमीवाले व्हॉट्सअ‍ॅपवर नाव-नंबरांची यादी टाकतात, निम्मे पैसे आगाऊ. सरावाचा टी-शर्ट वेगळा, सामन्याचा वेगळा, वर टोपी. त्यांच्याच जिवावर आम्ही कर्ज काढून सब्लिमेशनचं मशीन घेतलं. डिझाइन कागदावर छापायचं, पांढऱ्या पॉलिएस्टरवर ठेवून साधारण २०० अंशांवर दाबायचं. रंग थेट धाग्यात बसतो. सुती कापडावर हे जमत नाही, त्यामुळे ड्रिलच्या जाड सुती कापडाचे तागे आणणं जवळपास थांबलंच. आणि पाठीवर नाव छापलेला टी-शर्ट दुसरं कोण घालणार?

धंदा वाढला तो अकादम्यांमुळेच, ते नाकारत नाही. फक्त खर्च शाळेच्या कपाटातून उठून पालकांच्या खिशावर आला, आणि फी परवडत नाही म्हणून घरी बसलेली मुलं आमच्या यादीत येतच नाहीत. दोन-तीन पालिका शाळांचे संच अजून बिननावाचेच शिवतो, जवळपास मूळ खर्चात.

शाळेचा शिक्का मात्र अजून चालतो. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धांची प्रवेशिका मुख्याध्यापकांच्या सहीनेच जाते आणि दहावीच्या वाढीव गुणांसाठी या स्पर्धा लागतात. त्या आठवड्यात वर्षभर अकादमीत असलेल्या मुलांच्या आयांचे फोन येतात, ‘‘दादा, शाळेचा टी-शर्ट उद्या मिळेल का?’’

हल्ली काही शाळांनी मैदानच अकादमीला चालवायला दिलंय. गेल्या हंगामात अशाच एका शाळेच्या संघाचा नमुना अकादमीकडून आला : छातीवर अकादमीचं नाव, शाळेचं बोधचिन्ह बाहीवर, तेही बटणाएवढं. मुख्याध्यापिकाबाईंनी तो तसाच परत पाठवला. तेव्हापासून दोघांचीही लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय छपाई करायची नाही, असा नियम हिशेब बघणाऱ्या आमच्या सौंनी घातलाय.