संकासुराच्या टोपाचं टोक अखेर कागदावर आलं

काल रात्री अकराच्या सुमारास प्रिंटरमधून आलेल्या फोटोला स्टीलची फूटपट्टी लावली. पांढरी बॉर्डर डावीकडे ५ मिमी, उजवीकडे ५, वर साडेसात, खाली साडेसात. आणि संकासुराच्या, म्हणजे दशावतारी नाटकातल्या असुराच्या, उंच काळ्या टोपाचं टोक शाबूत! तीन आठवडे या टोकापायी गेले होते. प्रिंट हातात धरून बराच वेळ नुसता बघत बसलो.

दशावतार या कोकणातल्या लोकनाट्याच्या कलाकारांची ही माझी फोटोमालिका. जत्रेच्या रात्री पेटारा उघडून, आरसा समोर टेकवून स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवणारे कलाकार. फोटो त्यांनाच द्यायचे आहेत, ४ बाय ६ इंची कागदावर, पांढरी बॉर्डर ठेवून. एका फोटोत आरसा धरलेला हात अगदी डाव्या कडेला आहे. बोटं कापली गेली तर तो फोटो देण्यात अर्थ नाही.

मागच्या वेळी लिहिलं होतं की फाइलमध्ये सगळीकडे ५ मिमी बॉर्डर आखूनही कागदावर एका बाजूला पावणेचार आणि दुसऱ्या बाजूला पावणेदोन येत होती. गुन्हेगार सापडला: बॉर्डरलेस मोड, म्हणजे कागदाच्या कडेपर्यंत छापण्याची सोय. कागद एखादा मिलिमीटर सरकला तरी कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून या मोडमध्ये ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) चित्रच फुगवतो आणि जादा भाग कागदाबाहेर, खालच्या स्पंजवर फवारतो. माझ्या प्रिंटरवर हे फुगवणं प्रत्येक बाजूला अडीच मिमी आहे. म्हणजे १०१.६ मिमी रुंदीचं चित्र १०६.६ होतं, माझी ५ ची बॉर्डर सव्वापाच होते आणि त्यातले अडीच बाहेर जातात. उरले पावणेतीन. त्यात आणखी कागद १ मिमी सरकला की पावणेचार आणि पावणेदोन. हिशेब तंतोतंत जुळला तेव्हा फार बरं वाटलं.

मग बॉर्डरलेस बंद केलं, तर दुसरंच दुखणं. साध्या मोडमध्ये प्रिंटर कडेचे ३ मिमी छापत नाही, म्हणून प्रोग्रॅम अख्खं चित्र आक्रसून मधल्या जागेत बसवतो. खरं तर त्या ३ मिमीत माझ्या फाइलमध्ये पांढरंच आहे, तिथे छापायचंच काय? तेव्हा कॅनव्हास बरोबर १८०० बाय १२०० पिक्सेल, ३०० पीपीआय (दर इंचाला ३०० पिक्सेल), आणि स्केल १०० टक्के. 'पानात बसवा' छापाचा प्रत्येक पर्याय बंद. गिंप या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये पानाचे मार्जिन दुर्लक्षित करण्याचा पर्याय प्रिंटच्या खिडकीतच मिळतो. या कामाला मला त्याच्याइतकं सरळ दुसरं काही सापडलं नाही.

तरीही वर साडेआठ, खाली साडेसहा. डावीकडे ५.६, उजवीकडे ४.४. इथे एक युक्ती सुचली, ती जरूर करून बघा. कागदाच्या मागे पेन्सिलीने आत जाणाऱ्या टोकाकडे बाण काढला, एक प्रिंट घेतली, मग फाइल १८० अंशांत फिरवून दुसरी घेतली. रुंद बाजू चित्राबरोबर फिरली असती तर दोष फाइलचा. ती बाणाच्याच टोकाला राहिली, म्हणजे दोष कागद ओढण्याचा. आणि तो प्रत्येक वेळी तेवढाच! चूक कायम तीच असेल तर ती उलटी करून फाइलमध्ये घालता येते. चित्र बाणाकडे १२ पिक्सेल आणि डावीकडे ७ पिक्सेल सरकवलं. झालं.

वर-खाली साडेसात का, असं काही जण विचारतील. ३:२ गुणोत्तराचा (लांबी : रुंदी) पूर्ण फोटो ४ बाय ६ वर चारी बाजूंना सारखी बॉर्डर ठेवून बसतच नाही. ५-५ सोडल्यावर आत ९१.६ बाय १४२.४ उरतात, हे गुणोत्तर १.५५. फोटो न कापता तो १३७.४ वरच थांबतो आणि उभ्या दिशेला एकूण १५ मिमी शिल्लक राहतात.

हे लिहिता लिहिताच वाटतंय, ते १५ अर्धे-अर्धे का वाटायचे? वर ५ ठेवून खाली १० ठेवले तर कलाकाराचं नाव आणि जत्रेचं गाव हाताने लिहिता येईल. उभ्या फोटोंना आता असंच करणार. आडव्यांमध्ये हे १५ डाव्या-उजव्या बाजूला येतात. तिथे साडेसात-साडेसातच राहू दे.

कागदाबद्दल: स्वस्तातलं एक पाकीट कॅलिपरने मोजलं, तर रुंदी १००.९ मिमी. असल्या कागदावर सगळा हिशेब बिघडतो. मी २६० जीएसएमचा (दर चौरस मीटरला २६० ग्रॅम) लस्टर, म्हणजे अर्धवट चमकीचा कागदच वापरतोय आणि वापरणार, ग्लॉसीवर काळ्या वेशावर दिव्याची चमक येते. आमच्याकडे सध्या पावसाची झड लागली आहे, उघड्यावरचा कागद तासाभरात वळतो आणि कड प्रिंटरच्या शाई सोडणाऱ्या हेडला घासते. त्यामुळे पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. ट्रेचे गाईड कागदाला फक्त टेकलेले हवेत. सैल राहिले की फोटो तिरका, आवळले की कागद अडतो.

काळ्या बॉर्डरचा विचार सोडला. ती कागदाच्या कडेपर्यंत न्यायची तर पुन्हा बॉर्डरलेस आलं. त्याऐवजी फोटोभोवती ३ पिक्सेलची, म्हणजे पाव मिलिमीटरची करडी रेघ घालून बघणार आहे, कारण दोन फोटोंत मागचा ट्यूबलाइटचा उजेड पांढऱ्या बॉर्डरमध्ये विरघळतोय. रेघेमुळे जरासा तिरकेपणाही उघडा पडेल, याची धास्ती आहे. आज रात्री आरसेवाल्या फोटोवर पहिली चाचणी. पेन्सिल, फूटपट्टी आणि सहा कागद टेबलावर काढून ठेवले आहेत.