बाबांच्या हातची यादी

खानापूरहून बेळगावला कोर्टाच्या तारखेला निघालेल्या बायका मला बसमध्ये लांबून ओळखू येतात. मांडीवर प्लास्टिकची फाईल, त्यावर हात आणि नजर खिडकीबाहेर. २०२२ ते २०२४ मीही त्यातलीच होते.

नोटीस आली ती इंग्रजीत. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज लावला होता. मी माहेरी, लेक सात वर्षांची. दादाने ओळखीचा एक वकील गाठला. त्यांनी दहा हजार घेतले आणि तीन तारखांना त्यांचा ज्युनिअर येऊन पुढची तारीख मागून गेला. शेवटी आवारात टायपिंग करणाऱ्या एका बाईंनीच विचारलं, "सरकारी मोफत वकील मागितलीस काय गे?"

तसं काही असतं हे मला माहीत नव्हतं. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण म्हणजे ते, बोर्ड अर्थातच कन्नडमध्ये. आत जाताना भीती एकच की दादाचा पगार विचारतील आणि नाही म्हणतील. पण १९८७च्या कायद्यात बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. आधार, नोटिशीची झेरॉक्स आणि एक अर्ज, एवढ्यावर काम झालं. अडलं ते आधीच्या वकिलांच्या 'ना हरकत'वर. ती सही मिळवायला पाच फेऱ्या झाल्या. (घरबसल्या चौकशी करायची असेल तर १५१०० हा नंबर आहे. मला तो सगळं संपत आल्यावर कळला.)

नेमून दिलेल्या वकीलबाई कन्नडवाल्या, पण मराठी फर्डं बोलायच्या, हेल तेवढा वेगळा. पोटगीला त्या 'जीवनांश' म्हणायच्या. मला तो शब्द आवडला. पोटगीत नुसतं पोट आहे, यात जगणं आहे.

पहिल्याच भेटीत त्यांनी माझा एक भ्रम फोडला. गल्लीत सगळे सांगत होते, "घर अर्धं तुझंच." तसं काही नसतं. आपल्या कायद्यात घटस्फोट झाला म्हणून नवऱ्याच्या मालमत्तेचे आपोआप दोन वाटे पडत नाहीत. माझं काय, तर जे माझ्या नावावर आहे ते, ज्यात माझा पैसा गेल्याचा पुरावा आहे ते, आणि स्त्रीधन. "रडू नको, कागद काढ," म्हणाल्या.

मग घरभर कागदांची शोधाशोध. बेळगावातलं घर २०१२चं, त्याच्या एकट्याच्या नावावर. पण तेव्हा मी पतसंस्थेत नोकरीला होते आणि कर्जाचे ३१ हप्ते माझ्या खात्यातून गेले होते. लेक झाल्यावर नोकरी सोडली, खातं मात्र बंद केलं नव्हतं. बँकेकडून जुने उतारे काढले. दरम्यान त्या घरी एजंट येऊन गेल्याचं शेजारच्या अक्कांनी फोन करून सांगितलं. घर विकलं तर नाही ना, हे बघायला सब-रजिस्ट्रारकडची ईसी, म्हणजे घराच्या व्यवहारांच्या नोंदींचा दाखला, काढली. कोरी निघाली, जीव भांड्यात पडला. तरीही बाईंनी निकाल लागेपर्यंत घर विकू नये म्हणून मनाई मागितली, आणि ती मिळाली. नवरा-बायकोतला मालमत्तेचा वाद फॅमिली कोर्टातच चालतो, त्याला वेगळ्या कोर्टात जावं लागत नाही.

सासऱ्यांची जमीन चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. जमिनीच्या उताऱ्याला इथं पहाणी म्हणतात, तिथं सातबारा. मी तोही काढून आणला, तर बाई हसल्या. सुनेला त्यात काही नाही. "पण जमीन वडिलोपार्जित असली तर नातीचं आहे," म्हणाल्या. २००५पासून मुलगी जन्मानेच वाटेकरी होते, आई-बापाचं काडीमोड झालं तरी. तडजोडीच्या कागदात तिच्या हक्काबद्दल एक ओळही लिहून द्यायची नाही, अशी सक्त ताकीद दिली.

आणि सोनं. सुपारी फुटली त्या दिवशी बाबांनी यादी लिहिली होती. वर 'श्री', खाली गंठण, पाटल्या, बोरमाळ, तोडे, कशाचे किती तोळे, आणि तळाला दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या. बाबा गेले तरी ती यादी आईच्या ट्रंकेत लुगड्यांखाली होती. लग्नात दिलेल्या वस्तूंची सह्यांची यादी ठेवावी असा नियमच १९८५पासून आहे, हे बाईंनी सांगितलं. बाबांना नियम ठाऊक नसणार. त्यांना फक्त लिहून ठेवायची सवय.

ती सवय माझ्यातही उतरली होती. नवऱ्याचं उद्यमबागेत लेथचं छोटं शेड. २०२० साली सुप्रीम कोर्टाने ठरवून दिल्यापासून पोटगीच्या खटल्यात दोघांनाही मिळकत, खर्च, कर्ज शपथपत्रावर लिहून द्यावं लागतं. त्याने महिना चौदा हजार लिहिले. पण शेडची जॉबवर्कची वही सहा वर्षं मीच लिहीत होते! त्यातल्या दोन वह्या चुकून माझ्या सामानात आल्या होत्या. चुकून म्हणजे, असू दे.

माझं शपथपत्र इंग्रजीत टाईप झालं होतं. मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही करणार नाही म्हणून मी बसून राहिले. बाई जरा चिडल्या, पण वाचलं. माझ्या शिलाईची कमाई त्यात राहून गेली होती. ती मी घालायला लावली. लपवलेलं समोरच्या वकिलाने काढलं असतं तर माझ्या वह्यांवर तरी कोणी विश्वास ठेवला असता?

तात्पुरत्या पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायद्यात आहे. मला अकरा महिने लागले. मायलेकींना मिळून महिना नऊ हजार झाले, तेही अर्जाच्या तारखेपासून, म्हणून थकबाकी एकदम अंगावर आल्यावर त्याचा सूर उतरला. मधल्या काळात, जून २०२३ला, कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली. कुणी काही म्हणो, माझ्या पुढच्या सगळ्या तारखा त्या आधार कार्डावर निघाल्या.

पुढे प्रकरण मध्यस्थीला गेलं आणि संमतीने मिटलं. घर त्याला, हप्त्यांचा हिशेब धरून एकरकमी पैसे मला. सोनं यादी समोर ठेवून एकेक जिन्नस वाचत घेतलं. बोरमाळ आली नाही. ती लेथसाठी मोडली म्हणे. तिची किंमत त्या दिवशीच्या भावाने लावून घेतली.

लेकीचे पैसे दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत खात्यावर यायचे असं लिहून घेतलंय. मागच्या महिन्यात १९ उजाडली. वसुलीचा अर्ज कसा लावायचा ते मी विचारून ठेवलंय.