नाव तेच, फोल्डर तेच, तरी फाइल सापडेना

मे महिना, अमळनेरात दुपारी पंखासुद्धा गरम हवाच फेकतो, अन् धाकट्याच्या फोटो स्टुडिओतली हार्ड डिस्क नेमकी लगीनसराईत कटकट करायला लागली. तिथे एक जुना पीसी सर्व्हर म्हणून ठेवलाय, एडिटिंगचे दोन पीसी एनएफएसने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनच्या फाइली वापरायची सोय) त्याच्यावरचे फोटो उघडतात, सगळीकडे लिनक्स (माझ्या हट्टापायी, त्याला अजून राग आहे). मी रात्री नवी डिस्क लावली, आरसिंक नावाच्या प्रोग्रामने सगळं कॉपी केलं, त्याच जागी माउंट केली (म्हणजे सिस्टीमला जोडली), नावंबिवं सगळी जशीच्या तशी, अन् मस्त झोपलो.

सकाळी फोन. "भाऊ, हाई काय व्हयनं?" स्क्रीनवर स्टेल फाइल हँडल, म्हणजे फाइलची ओळखचिठ्ठी शिळी झालीय.

मला आधी वाटलं केबल सैल असेल. सर्व्हरवर बघितलं तर फाइल तिथेच, साइज बरोबर, उघडतेय पण. मग कुठे डोक्यात आलं की एडिटिंगवाला पीसी सर्व्हरला नाव सांगतच नाहीये!

म्हणजे असं, की क्लायंट (इथे एडिटिंगचा पीसी) एकदा नाव विचारतो, सर्व्हर त्याला एक हँडल देतो, आणि पुढचं सगळं वाचणं-लिहिणं त्या हँडलवर. क्लायंटला आत काय आहे ते कळत नाही, कळायची गरजपण नाही, बाइट जसेच्या तसे परत पाठवायचे. सन कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस काढलं तेव्हा सर्व्हरने कुणाचं काही लक्षात ठेवायचं नाही हाच हिशोब होता, मधेच रीस्टार्ट झाला तरी जुनं हँडल चाललं पाहिजे. म्हणून सगळी ओळख हँडलमध्येच कोंबायची. व्हर्जन २ ला फक्त ३२ बाइट जागा, व्हर्जन ३ ला ६४ पर्यंत, ४ ला १२८ पर्यंत. आणि नाव कोंबून उपयोग नाही, कारण कुणी फाइलचं नाव बदललं की संपलं.

लिनक्स साधारण तीन गोष्टी भरतो: फाइलसिस्टीम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) कुठली, आयनोड नंबर (त्या फाइलसिस्टीममधला फाइलचा नंबर), आणि जनरेशन नंबर. हा तिसरा मला आधी फालतू वाटायचा. पण कापसाच्या सीझनला जिनिंगच्या गेटवर ट्रॅक्टरला टोकन देतात ना, आजचा ४२ वेगळा, उद्याचा ४२ वेगळा, म्हणून चिठ्ठीवर तारीख लागते, नाहीतर कुणाचा कापूस कुणाच्या नावावर. तसंच फाइल डिलीट झाली की तिचा आयनोड नंबर दुसऱ्या फाइलला मिळू शकतो, जनरेशन मात्र वेगळा पडतो. तो नसता तर हळदीच्या फोटोऐवजी भलत्याच गावची वरात उघडली असती.

माझ्या केसमध्ये तिन्ही बदललेले. नवी फाइलसिस्टीम म्हणजे नवा यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा ओळख नंबर), अन् आरसिंक फाइली नव्याने बनवतो, म्हणजे आयनोड पण नवे. एक्सपोर्टच्या फाइलीत (काय शेअर करायचं त्या यादीत) एफएसआयडी, म्हणजे यूयूआयडीऐवजी आपण ठरवलेला नंबर, आधीपासून हाताने लिहिला असता तर वरचं फोल्डर तेवढं सापडलं असतं, आतले फोटो तरी स्टेलच. अख्ख्या डिस्कची डीडीने बाइट-टू-बाइट कॉपी केली असती तर काहीच झालं नसतं, पण कटकटणाऱ्या डिस्कवर डीडी चालवायची माझी हिंमत नव्हती. शेवटी दोन्ही पीसीवर अनमाउंट करून परत माउंट, दोन मिनिटांचं काम, तोवर दारात नवरीचे मामा अल्बम मागायला हजर.

सर्व्हरकडून उलटा प्रवास, म्हणजे हँडलवरून फाइल शोधणं, अजून किचकट असतो. हँडलमधून आयनोड मिळतो, पण फोल्डर असेल तर ते झाडात नेमकं कुठे लटकतंय ते कळत नाही, मग फोल्डरमधल्या दोन टिंबांवरून (..) आई-फोल्डर शोधत वर वर चढावं लागतं.

परवा धाकटा म्हणतो, कॅमेऱ्याचं ३२ जीबीचं कार्डच सर्व्हरला लावून शेअर कर ना, कॉपीचा वेळ वाचेल. त्यावर फॅट नावाची फाइलसिस्टीम असते, अन् फॅटमध्ये आयनोड नंबर डिस्कवर लिहिलेलाच नसतो, लिनक्स तो मेमरीत तात्पुरता बनवतो, तो मेमरीतून गेला की हँडल लटकू शकतं. हे सगळं त्याला समजावलं. तो म्हणाला, "बरं, मग कॉपीच कर."