प्राग, वरून खाली

प्रागसाठी मी केलेली यादी नवऱ्याने वाचली आणि एवढंच विचारलं, "यात ओजसला काय आवडणार आहे?" प्रश्न बरोबर होता. किल्ला, कॅथेड्रल, काफ्काचं घर... सहा वर्षांच्या पोराला यातल्या कशाचंही सोयरसुतक नसतं. शिवाय साताऱ्याहून आलेल्या सासूबाई बरोबर होत्या. त्यांचे गुडघे आणि ओजसचा उत्साह साधारण एकाच वेळी संपतात, हे आम्हाला म्युनिकमधल्या रविवारच्या फेरफटक्यांवरून ठाऊक होतं. मग यादी निम्मी केली आणि दिवसाला एकच नियम लावला: चढ ट्रामने, उतार पायी.

२२ नंबरची ट्राम थेट किल्ल्याच्या मागच्या बाजूला नेऊन सोडते. तिकीट आत चढल्यावर पिवळ्या यंत्रात स्वतः छापून घ्यायचं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही, पण ओजसला छापायचं होतं, म्हणून आम्हा तिघांची तिकिटं त्याने छापली. आम्ही गेलो तेव्हा किल्ल्याच्या दारात बॅगांची तपासणी होत होती, तिथे रांग होती, पण हलत होती. सेंट व्हिटस कॅथेड्रलचं काम १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये पूर्ण झालं, हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्या बिल्डरचं काही चुकत नाही." आत चेक चित्रकार म्युखाची रंगीत काचेची खिडकी मी बघून घेतली. ओजसने पहारेकऱ्यासमोर उभं राहून त्याला हसवायचा प्रयत्न केला. तो हसला नाही.

खरी मजा उतरताना आली. किल्ल्यापासून खाली येणाऱ्या नेरुदोवा रस्त्यावर घरांच्या दारांवर चित्रं आहेत. १७७० मध्ये राणी मारिया तेरेसाच्या काळात घरांना नंबर मिळाले, त्याआधी पत्ता म्हणजे हे चित्रच. ओजसला एवढंच सांगितलं आणि पुढचा अर्धा तास आम्हाला त्याच्याकडे बघावं लागलं नाही. दोन सूर्य त्यालाच पहिले दिसले (या घरात यान नेरुदा हा लेखक राहायचा, रस्त्याला नाव त्याचंच). मग सोनेरी नाल, तीन व्हायोलिनं, लाल कोकरू. आजी एका बाजूची फूटपाथ बघणार, नातू दुसऱ्या बाजूची, असा सामना ठरला. आजी हरल्या, पण त्या मुद्दाम हरल्या असा मला संशय आहे. एक सांगते, हा रस्ता दगडी आहे आणि उतार चांगलाच आहे. बाबागाडी असेल तर हाडं खिळखिळी होतील, बाळाचीही आणि ढकलणाऱ्याचीही.

खाली काम्पा बागेत शिल्पकार डाव्हिड चेर्नीची रांगणारी बाळं आहेत, ब्राँझची, माणसापेक्षा मोठी. चेहऱ्याच्या जागी नुसत्या खाचा. "अगं बाई, याला तोंडच नाही!" सासूबाई दचकल्याच. ओजस त्याच्या पाठीवर चढायच्या खटपटीत. माझ्या मते कलाकृती दोघांनाही नीट कळली.

तिथून दक्षिणेला चालत गेलं की व्हल्टावा नदीत देत्स्की ऑस्त्रोव्ह, म्हणजे मुलांचं बेट लागतं. पर्यटक इथे फारसे नसतात, स्थानिक आईबाप असतात. घसरगुंड्या, झोपाळे, चढायच्या जाळ्या आहेतच, पण आमचा मुक्काम लांबला तो शेजारच्या जलपाशामुळे (लॉकमुळे). नदीत बांध असल्याने दोन्हीकडच्या पाण्याची पातळी वेगळी आहे. नाव एका अरुंद कुंडात येते, मागचे दरवाजे बंद होतात, पाणी सोडलं जातं, नाव हळूहळू खाली बसते, पुढचे दरवाजे उघडतात आणि नाव निघून जाते. ओजसला हे एकदा बघून पुरलं नाही. किल्ल्यातून त्याला ओढून काढावं लागलं नव्हतं, इथून काढावं लागलं. सासूबाईंनी तेवढ्यात बाकावर पाय लांब करून घेतले.

चार्ल्स पूल तिथून फार लांब नाही. गर्दी म्हणजे तुळशीबाग, पण इथे गोष्टी आहेत, आणि गोष्ट असली की पोरगं चालतं. पुलाच्या पायाभरणीचा मुहूर्त राजा चौथ्या चार्ल्सने ज्योतिषांकडून काढला असं सांगतात: १३५७ साल, सातव्या महिन्याची ९ तारीख, पहाटे ५:३१. साल, तारीख, महिना, तास, मिनिटं ओळीने लिहिली की १३५७९७५३१. उलटं वाचलं तरी तेच. ओजसने ते कागदावर लिहून पाहिलं तेव्हा विश्वास ठेवला. दुसरी दंतकथा अंड्यांची. चुना घट्ट व्हावा म्हणून गावोगावहून अंडी मागवली, तर वेल्व्हारी गावाने ती वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली! यावर तो पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हसत होता. नेपोमुकच्या संत यानचा पुतळा १६८३ चा, पुलावरचा सर्वांत जुना. १३९३ मध्ये त्याला इथून नदीत फेकलं होतं. खालची ब्राँझची चित्रं लोकांनी हात लावून लावून चकाकवली आहेत. सासूबाईंनी कुणालाही न विचारता हात लावून तो कपाळाला लावला.

टाउन हॉलच्या भिंतीवरच्या खगोल घड्याळाबद्दल मात्र स्पष्ट बोलते. १४१० चं यंत्र, अजून चालू, अप्रूप आहेच. पण तासाला जो खेळ होतो तो मिनिटभरही चालत नाही. सांगाडा दोरी ओढतो, खिडक्यांमधून बारा प्रेषित सरकतात, शेवटी कोंबडा आरवतो, संपलं. पुढे माणसांची भिंत असताना लहान मुलाला त्यातलं काही दिसत नाही, बापाच्या खांद्यावर बसवलं तरच. शिवाय गर्दीत खिसे सांभाळावे लागतात ते वेगळं. त्यापेक्षा त्याच टाउन हॉलच्या मनोऱ्यावर जा. वरपर्यंत लिफ्ट आहे, गुडघ्यांचा प्रश्न मिटतो, आणि वरून तीच गर्दी बघायला जास्त मजा येते.

जेवणात शाकाहारी माणसाची पंचाईत होते, पण तळलेलं चीज आणि बटाट्याची ब्राम्बोराकी (धिरडी) बहुतेक ठिकाणी मिळतात. आम्ही शेवटी फळांचे क्नेडलीक मागवले. उकडलेल्या गोळ्यात आख्खं जर्दाळू, वर लोणी, साखर आणि किसलेलं चीज. तिथे हे गोड म्हणून नाही, जेवण म्हणूनच खातात. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग ओजसच्या ताटातला एक उचलला, आणि मग वेटरला स्वतःच दोन बोटं दाखवली.