आमची वाटचाल : एका आवृत्तीच्या तीन तारखा

जळगावच्या एमआयडीसीत दोन खोल्यांत आम्ही चौघं बसतो आणि जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्यांसाठी, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर लिहितो. कापसाची भरली गाडी काट्यावर आली की वजन, रिकामी परत निघाली की पुन्हा वजन, मग वजावट धरून पट्टी छापायची, एवढंच काम. सोर्स कोड पहिल्यापासून खुला आहे, कुणीही बघावा, हातभार लावावा. पैसे मिळतात ते काटा जोडून देण्याचे आणि सीझनभर फोन उचलण्याचे.

सुरुवातीला आमच्या दोन आवृत्त्या ठरलेल्या असायच्या : एक आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, एक दसऱ्याला. इकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला ठरतं, मग सॉफ्टवेअरचं का नाही? गिऱ्हाइकाला ते चटकन कळायचं. पण आखाजी २०२३ साली २२ एप्रिलला आली, २०२४ ला थेट १० मेला. कोडला हातभार लावणारा बंगळूरचा एक मुलगा दर वेळी विचारायचा, "म्हणजे नक्की कधी?" मी भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून सांगायचो. त्यात आमचा स्वभाव 'एवढं एक घालूनच टाकू' असा. अमळनेरच्या एका जिनवाल्याचा तर ठरलेला फोन असायचा, "भाऊ, नवं कवय येई?" म्हणजे नवं कधी येणार?

२०२३ च्या दसऱ्याला मात्र फजितीच झाली. दसरा होता २४ ऑक्टोबरला, म्हणून बदलांच्या यादीत ती तारीख मी आधीच टाइप करून ठेवली होती. पट्टीच्या तळाशी आवृत्तीची तारीख छापते, ती त्याच यादीतून उचलली जाते. काम लांबलं आणि फाइल चढली २६ च्या पहाटे १ वाजून ४० मिनिटांनी. डाउनलोडचं पान जागतिक वेळेनं चालतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, म्हणून तिथं २५ दिसली. कोडमधल्या बदलांची नोंद आम्ही गिटवर ठेवतो, तिथं आवृत्तीची खूण, म्हणजे टॅग, साधा लावला होता. साध्या टॅगला स्वतःची तारीख नसते, शेवटच्या कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचीच दिसते, तिथंही २५. आमच्या स्वतःच्या साइटवर २६.

महिन्याभरानं एका जिनिंगच्या हिशेबनीसानं पट्टी पुढं केली. "यावर २४ ची आवृत्ती म्हणता, तुमच्या पानावर २६. मग २४ आणि २५ ला वजनं कशावर केली?" जुन्या आवृत्तीवरच केली होती, वजनात गफलत काहीच नव्हती. पण हे त्याला पटवायला अर्धा दिवस गेला आणि चहा माझ्या खिशातून.

त्यानंतर तारखा पक्क्या केल्या, १५ मार्च आणि १५ सप्टेंबर. पहिली आर्थिक वर्षाच्या आधी, दुसरी कापूस यायच्या आधी. नोंदी साठवणारा आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्यांच्या दुरुस्तीच्या आवृत्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी ठरलेल्या असतात, त्यामुळे तपासून बघायला आम्हाला महिनाभर मिळतो. डेबियन ही खुली संगणकप्रणाली बनवणारे नव्या आवृत्तीबद्दल 'तयार होईल तेव्हा' म्हणतात. त्यांना ते शोभतं, त्यांच्या दारात कापसाच्या गाड्या उभ्या नसतात. मला उबुंटू या तशाच दुसऱ्या प्रणालीची रीत आवडली, आवृत्तीच्या नावातच वर्ष आणि महिना. २००६ साली त्यांची एप्रिलची आवृत्ती जूनवर गेली, तर नावच ६.०६ झालं. उशीर लपवायला जागाच नाही.

आता आवृत्तीच्या महिन्यात १ तारखेनंतर नवं काही घ्यायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. तारीख एकाच फाइलमध्ये लिहायची, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. यादी, पट्टी, साइट सगळे तिथूनच वाचतात. टॅग टिपणीसह लावायचा, म्हणजे त्याला स्वतःची तारीख असते, तोही दिवसा, जेवणाच्या आधी. पहाटे साडेपाचच्या आत काही चढवायचं नाही, हा नियम आमच्या पोरीनं फळ्यावर लाल खडूनं लिहिलाय.

याची किंमतही मोजली. रावेरच्या एका केळीवाल्याला घडाच्या दांड्याची वजावट वेगळी दाखवून हवी होती. सप्टेंबरला ते काम चार दिवसांनी हुकलं आणि मी थांबवलं. तो चिडला. चार दिवसांसाठी सहा महिने, हे मलाही टोचतंच. आता मार्चला देतो म्हटलं.

"आखाजीच्या आधी की नंतर?"

"आधी," मी म्हटलं. "दर वर्षी आधीच."